चालतंय ना, मग राहू दे!

१४ ऑक्टोबर २०२५ ला, मंगळवारी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. पुढच्याच मंगळवारी लक्ष्मीपूजन होतं. पेठेतल्या दुकानांत चोपड्यांच्या शेजारी संगणक मांडले गेले, त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, पेढ्यांचा नैवेद्य दाखवला. त्यातल्या कितीतरी संगणकांवर आठवड्यापूर्वीच मुदत संपलेली विंडोज होती. मालकाला ते ठाऊक नव्हतं, दिवाणजींना ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी येऊन ब्लोअरने धूळ उडवून गेलेल्या हार्डवेअरवाल्याला ठाऊक असेल, तर त्याने ते सांगितलं नाही, आणि हे जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी मशीन नेहमीसारखं सुरू झालं, टॅली उघडलं, बिलं निघाली. म्हणूनच या विषयावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. मशीन बंद पडलं की तासाभरात माणूस बोलावला जातो. देखभाल बंद पडली की त्या दिवशी काहीच होत नाही, आणि मग सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: चालतंय ना, मग राहू दे. दुकानात, दवाखान्यात, छापखान्यात, पतसंस्थेत, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, सगळीकडे हेच ऐकू येतं. या वाक्यानेच आपल्या धंद्यांचं नुकसान होतंय, आणि या आठवड्यात माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी देखभाल थांबली म्हणजे नेमकं काय झालं ते बघू. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट नव्याने सापडलेल्या त्रुटी बुजवणारे अपडेट देतं. विंडोज १० ला ते येणं थांबलं, ११ ला ते येत राहतात. दोन्हींचा पाया बराचसा एकच आहे. त्यामुळे ११ मध्ये जी भगदाडं बुजवली जातात, त्यांतली अनेक १० मध्येही असतात आणि तिथे ती उघडीच राहतात. शिवाय अपडेट जाहीर झालं की चोरटे ते उलगडून बघतात: काय बदललं, कुठे बदललं, का बदललं. शेजाऱ्याने कुलूप कशासाठी बदललं हे गावभर झालंय आणि आपल्या दाराला अजून तेच जुनं कुलूप लटकतंय, अशी ही अवस्था आहे. दर महिन्याला ती आणखी बिकट होते.

पैसे भरून मुदतवाढ मिळते, हे खरं. धंद्यासाठी पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, आणि मग दार बंद. दुसऱ्या वर्षी जाग आली तर पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. तीन वर्षांचे मिळून मशीनमागे ४२७ डॉलर होतात. तेवढ्या रुपयांत साधा नवा संगणक येतो. ज्याला घडी बसवायला सहा-आठ महिने हवेत, त्याने एक वर्षाची मुदतवाढ जरूर घ्यावी. तीन वर्षं नुसतीच ढकलायची असतील, तर तो पैसा वाया गेला.

‘आमच्याकडे एकच जुनं मशीन आहे, तेही कोपऱ्यात,’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. ते देणाऱ्याने न्हावाशेवाला काय झालं ते ऐकावं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. युक्रेनमध्ये धंदेवाईक वापरतात त्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो बाहेर पडला आणि मर्स्क या जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीला त्याने झोपवलं. त्याच समूहाचं न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं कंटेनर टर्मिनलही थंडावलं आणि जी कामं संगणक करत होता ती हाताने करायची वेळ आली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, हे मर्स्कच्याच अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. या व्हायरसने वापरलेलं विंडोजमधलं भगदाड बुजवणारं अपडेट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलं होतं. पण जाळ्यातलं एखादं मशीन अपडेटविना सापडलं की तो तिथे शिरायचा, त्याच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डांच्या जोरावर व्यवस्थित अपडेट केलेल्या मशीनमध्येही घुसायचा. कोपऱ्यातल्या एका मशीनने बाकीच्यांची सगळी काळजी फुकट घालवली.

‘अपडेटमधूनच आला, मग अपडेट घ्यावंच कशाला?’ असं कुणी म्हणेल. एका कंपनीचं अपडेट-घर फोडलं गेलं हे खरं. पण दोन महिन्यांनी का होईना मार्चमधलं अपडेट सगळीकडे लागलेलं असतं, तर त्याला पसरायची एक मोठी वाट बंद झाली असती. त्याआधी १२ मे २०१७ ला सुटलेला वॉनाक्राय याच भगदाडातून दीडशेहून जास्त देशांत शिरला होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी ८१ ट्रस्टांना त्याचा फटका बसला आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. तिथल्या बहुतेक बाधित मशीनवर विंडोज ७ होती, तेव्हा देखभाल चालू असलेली. फक्त अपडेट कुणी लावलं नव्हतं.

आता आपल्याकडच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. विंडोज हा त्यातला सोपा भाग आहे.

तालुक्याच्या गावातली पतसंस्था. आठवडी बाजाराचा दिवस, त्यामुळे काउंटरपासून जिन्यापर्यंत रांग. काउंटरवरच्या ताई स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत. ‘आजी, पुस्तक द्या.’ खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, एंटर. डॉट मॅट्रिक्स करकरतो, पासबुकात एक ओळ उमटते. ‘पुढचे या.’ काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि चालतोय तो फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला डॉसचा प्रोग्रॅम. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या गावातल्या कुणा हुशार पोराने तो लिहून दिला. आज तो कुठे आहे, कुणाला माहीत नाही. सोर्स कोड कुणाकडे नाही. आतल्या खोलीतल्या कॅबिनेटवर मार्करने लिहिलंय: हात लावू नये. गावातल्या हजारो माणसांच्या ठेवी, पिग्मी, आवर्त ठेवी, सोनेतारण, सगळं त्या एका डब्यात आहे.

त्या पोराचं काम चांगलंच होतं. इतकी वर्षं पैशाची चूक न करता एखादा प्रोग्रॅम चालतो, ही साधी गोष्ट नाही. पण त्याच्या पायाखालची जमीन कधीच सरकली आहे. फॉक्सप्रो बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ ची, तीच शेवटची. पुढची येणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झालं आणि १३ जानेवारी २०१५ ला तिचीही देखभाल संपली. डॉसमधला प्रोग्रॅम तर ६४ बिटांच्या विंडोजवर मुळात चालतच नाही. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती मिळत होती, म्हणून आजवर निभावलं. विंडोज ११ ची तशी आवृत्तीच नाही. म्हणजे या संस्थांसाठी १४ ऑक्टोबर २०२५ हा विंडोजपेक्षा त्यांच्या प्रोग्रॅमचा शेवटचा दिवस होता. डॉसचं सोंग घेणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांत हा प्रोग्रॅम कोंबून आणखी काही दिवस काढता येतात. कुणी तसं करून देऊन ‘अपग्रेड झालं’ म्हणून बिल लावत असेल, तर तो संस्थेला फसवतोय.

यात एक गोष्ट मात्र फार दिलासा देणारी आहे आणि ती संचालक मंडळांना कुणी सांगत नाही. फॉक्सप्रोचा डेटा ज्या डीबीएफ फायलींमध्ये असतो त्या उघड्या असतात. प्रोग्रॅम लिहिणारा सापडला नाही, तरी त्याच्या फायली वाचता येतात. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये त्या थेट उघडतात, खाते क्रमांक, नाव, शिल्लक, तारीख, सगळे रकाने समोर येतात. कुठे कुठे मराठी नावांसाठी त्या काळी सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं असायचं. तिथे नावं जुन्या इस्की संकेतात असतात आणि उघडल्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसते. ती नावं गेली असं समजून दहा हजार सभासदांची नावं पुन्हा टाइप करायला बसू नये. इस्कीचं युनिकोडमध्ये रूपांतर होतं, जाणकार माणूस हवा. सांगायचं ते इतकंच, की डेटा बहुतेक वेळा वाचलेला असतो. मशीनचा डिस्क ड्राइव्ह मरण्याआधी तो बाहेर काढायला हवा. आज, या आठवड्यात. नवं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावर मंडळाच्या चार सभा नंतर झाल्या तरी चालतील.

मग खरं काम सुरू होतं आणि इथेच चांगला मदतनीस आणि नुसता विक्रेता यांच्यातला फरक कळतो. विक्रेता विचारतो: किती मशीन, किती युजर? मदतनीस आधी ३१ मार्चची तेरीज मागतो. जुन्या प्रोग्रॅमची तेरीज आणि नव्याची तेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. तेवढ्यावर तो थांबत नाही, कारण एकूण बेरीज जुळते आणि आत दोन खात्यांच्या शिलकांची अदलाबदल झालेली असते. तो खातेनिहाय यादी काढतो. मग एका तिमाहीची व्याज आकारणी दोन्हीकडे करून बघतो, आणि हमखास फरक निघतो. कुठे जुना प्रोग्रॅम व्याज पूर्ण रुपयात करत होता. कुठे लीप वर्षातही ३६५ दिवस धरत होता. कुठे ज्येष्ठ नागरिकांचं जादा व्याज मुदत संपल्यावरही चालू राहत होतं. हे नियम कुठल्याच ठरावात नव्हते, ते त्या पोराच्या डोक्यात होते आणि तिथून प्रोग्रॅममध्ये उतरले. आता ते एकेक करून कागदावर आणायचे आणि कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा, हे मंडळाने ठराव करून ठरवायचं. हा निर्णय सॉफ्टवेअरवाल्यावर सोडणारं मंडळ आपलं काम चुकवतंय.

आणि काउंटरवरच्या ताईंना विसरलं की सगळं फसतं. डेमो नेहमी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये होतो, मोठ्या स्क्रीनवर, एसीत. रंगीत आलेख बघून सगळे माना डोलावतात. बाजाराच्या दिवशी ताई त्या नव्या प्रोग्रॅमवर बसतात, तेव्हा एका पावतीला हात चार वेळा माउसकडे जातो, यादी उघडायची, खाली सरकवायची, निवडायची, ‘सेव्ह’ दाबायचं. रांग जिना उतरून रस्त्यावर जाते. लोक ओरडतात, ते ताईंवर. दोन आठवड्यांत जुनं मशीन पुन्हा टेबलावर येतं आणि गावभर बोललं जातं की नवं काही कामाचं नाही. ताईंचं काही चुकलेलं नसतं. ज्यांनी आयुष्यभर बोटांनी काम केलं, त्यांना बोटांनीच काम करता यायला हवं: नव्या प्रोग्रॅममध्ये तोच एंटर, तीच फंक्शनची बटणं, तोच क्रम. हे करून घेता येतं, फक्त ते आधी मागावं लागतं. म्हणून डेमो काउंटरवर घ्या, ताईंच्या हातांनी, बाजाराच्या दिवशी. आणि दोन्ही प्रोग्रॅम सोबत चालवायचे त्या महिन्यात कामाला एक माणूस जास्त द्या. दुप्पट नोंदी त्यांनीच रात्री आठपर्यंत बसून करायच्या आणि त्याचा भत्ताही नाही, हा प्रकार मला संतापजनक वाटतो.

पैशाच्या बाबतीत तर आपलं गणित पार उलटं आहे. दसऱ्याच्या सवलतीत लाखाची मशीनं घेताना कुणी खळखळ करत नाही, कारण मशीन डोळ्यांना दिसतं. जो माणूस डेटा काढणार, जुळवणार, शिकवणार, त्याला म्हणायचं, ‘दादा, एवढं मशीन घेतलं तुमच्याकडून, ते काम असंच करून द्या ना.’ मग दादाही रात्री फायली कॉपी करतो आणि सकाळी निघून जातो. जुळवणी करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि पैसेही दिलेले नसतात. या कामाची मजुरी बिलात वेगळी लिहा आणि ती द्या. अपग्रेडचा मोठा खर्च याच कामाचा असतो.

चोरीच्या सॉफ्टवेअरचीही हीच कथा. क्रॅक केलेलं टॅली किंवा ऑफिस टाकताना पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. इतकी उघड गोष्ट वाचूनही आपण पुढे जातो. टॅलीचं ईआरपी ९ हे २००९ चं आणि टॅलीप्राइम २०२० चं. क्रॅकवाला धंदा जुन्यालाच चिकटून राहिला. मग १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा बिलं पोर्टलवर हाताने चढवत बसायची वेळ आली. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातली प्रत्येक दुरुस्ती नोंदवणारं सॉफ्टवेअरच लागतं. आपण कायद्याने ढकललं तरच हलतो, आणि तेव्हा मार्च अखेर असते, सीएंचा फोन लागत नसतो, आणि घाईत जे होतं ते कच्चं होतं.

डेटा अडवून धरणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांबद्दल बोललंच पाहिजे. एका छोट्या रुग्णालयाला दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. जुन्या विक्रेत्याने डेटाबेसचा पासवर्ड द्यायला नकार दिला आणि रुग्णांच्या नोंदी ‘काढून देण्याचे’ पैसे मागितले, तेही एका वर्षाच्या देखभाल कराराच्या (एएमसी) रकमेइतके. मी तो पत्रव्यवहार वाचला आहे. रुग्णाचा रक्तदाब आणि साखर या नोंदींवर त्या विक्रेत्याचा काडीचाही हक्क नाही. पण करारात तसं एक वाक्यही नव्हतं, कारण करार वाचला कुणीच नव्हता. नवा करार करताना त्यात लिहून घ्या: डेटा आमचा, मागू तेव्हा तो उघडता येईल अशा स्वरूपात मिळेल, त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत. विक्रेता यावर सही करायला कां-कू करू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

मराठी छापखान्यांचं दुखणं याच जातीचं, आणि या अंकाच्या वाचकांच्या जवळचं. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, ती शेवटची. अजूनही कितीतरी टेबलांवर पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालतात. त्या फॉन्टांत मराठी अक्षर हे मुळात इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र असतं. फॉन्ट गेला की मजकुराचा कचरा होतो. वीस-पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास, कुलवृत्तान्त, असे कितीतरी ग्रंथ आज केवळ त्या एका मशीनवर वाचता येतात. बाहेर त्यांत एक शब्दही शोधता येत नाही. याला नवं काही विकत घ्यावं लागत नाही. मशीन चालू आहे तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि कुणातरी मराठी येणाऱ्या माणसाने तो वाचून रफार आणि जोडाक्षरं तपासावीत, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. संपादकांनी हे काम छापखान्यावर सोडू नये. मजकूर त्यांचा आहे.

आता मायक्रोसॉफ्टलाही दोन शब्द सुनवायला हवेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. सहाव्या-सातव्या पिढीचा, एसएसडी टाकून घेतलेला, ठणठणीत चालणारा संगणक एका फटक्यात बाद ठरला. छोट्या दुकानदाराची चीड मला पटते. सुरक्षेसाठी चिप हवी हे मान्य करूनही, चालतं यंत्र भंगारात काढायला लावणं हे चूकच आहे, आणि त्या कचऱ्याचा भार शेवटी आपल्याच गावाबाहेरच्या ढिगावर येतो.

पण त्या चिडीपायी विंडोज १० वरच बसून राहणं हा उपाय नव्हे. ज्या टेबलावर काम सगळं ब्राउझरमध्ये होतं, ईमेल, पोर्टल, तिकिटं, तिथे लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. फुकट आहे, अपडेट मिळतात, जुनं मशीन आणखी काही वर्षं इमानाने चालतं. टॅली आणि डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन जिथे लागतं तिथे मात्र आधी एका मशीनवर करून बघा, एकदम सगळं बदलू नका. आणि जे मशीन बदलताच येत नाही, कारण ते सीएनसीला, वजनकाट्याला किंवा एक्स-रेला जोडलंय आणि बनवणाऱ्याने नवं सॉफ्टवेअरच दिलेलं नाही, त्याचं इंटरनेट तोडा. त्याच्या यूएसबीत कुणाचाही पेन ड्राइव्ह जाता कामा नये. बाकीच्या जाळ्यापासून ते वेगळं ठेवा.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरलं. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या रुग्णालयात केसपेपर हाताने लिहावे लागले. जाळ्याचे नीट कप्पे केलेले नव्हते, हे कारण सरकारनेच संसदेत सांगितलं. तिथे ही अवस्था, तर तुमच्या-माझ्या गावच्या नर्सिंग होममध्ये काय असेल याचा विचार करा. बॅकअपचा पेन ड्राइव्ह कायम मशीनलाच खोचलेला असतो, आणि हल्ला झाला की मशीनबरोबर तोही जातो. बॅकअप घेऊन काढून ठेवा, एक प्रत घरी न्या, आणि सहा महिन्यांतून एकदा तो खरंच उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर टाकून बघा.

शेवटी ज्यांच्या हातात शिक्का आहे त्यांच्याबद्दल. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली आणि देशातली एटीएम तिच्यावरच चालत राहिली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना काळजी कळवली, बँका ढिम्म राहिल्या. मग २१ जून २०१८ ला मुदतीच आखून दिल्या: सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव एटीएम, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, आणि जूनपर्यंत सगळी. उशीर झाला, पण पद्धत बरोबर होती. सगळं एका दिवसात मागितलं नाही, आणि ‘बघू’ म्हणायला जागाही ठेवली नाही.

पतसंस्थांसाठी हे कुणीही केलेलं मला दिसत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ते संरक्षण लागू नाही. भाजीवालीने रोज वीस-पन्नास रुपये टाकून जमवलेल्या पिग्मीचा पुरावा म्हणजे तिचं पुस्तक आणि त्या ‘हात लावू नये’ लिहिलेल्या डब्यातली नोंद, एवढाच. पुण्यात बसणाऱ्या सहकार आयुक्तांनी तीन गोष्टी कराव्यात. कलम ८१ खालच्या लेखापरीक्षणात रकाना घालावा: संस्थेचं सॉफ्टवेअर कोणतं, त्याची देखभाल कोण करतं, ती कधी संपते, आणि बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला. त्या उत्तरांशिवाय ‘अ’ वर्ग देऊ नये. आणि रिझर्व्ह बँकेसारखीच पाव-निम्मं-पाऊण अशी मुदतीची पट्टी आखून ती जाहीर करावी.

तोवर ठेवीदारांनी वाट बघत बसू नये. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल मंजूर करायला हात वर करण्याआधी उभं राहून विचारा: आपला प्रोग्रॅम कुणी लिहिला, तो आज दुरुस्त कोण करतं, आणि तो डबा उद्या जळाला तर माझी ठेव कुठल्या कागदावर आहे? उत्तर मिळेपर्यंत बसू नका.